ओजच्या खोऱ्यातली कोंबडी

सासूबाईंच्या घरी ही कोंबडी दोन भांड्यांत होते, आणि वाढायला पाच मिनिटं उरेपर्यंत त्या दोन भांड्यांची गाठ पडत नाही. एका जाड बिडाच्या कोकोतमध्ये, म्हणजे झाकणाच्या भांड्यात, कोंबडी आणि सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं हलकं मद्य. शेजारच्या शेगडीवर लोणी आणि सफरचंदं. सगळं एकाच भांड्यात एकदम घालून झाकण लावायचं, अशा कृती मी पुष्कळ वाचल्या आहेत आणि सुरुवातीला तशी करूनही पाहिली आहे. खाण्याजोगं होतं, पण फिकट, आंबटगोड आणि पाणचट. या पदार्थात सफरचंद तीन रूपांत येतं: फळ, सायडर आणि काल्व्हादोस ही सायडरपासून काढलेली कडक दारू. तिघांनाही आपापला वेळ आणि आपापली आच लागते. ती दिली की बाकी फार काही करावं लागत नाही.

आम्ही लिझ्यूत राहतो. सासूबाई कांब्रमेरच्या बाजूला, जिथे सायडर करणाऱ्या शेतांच्या दारांवर ‘क्रु द कांब्रमेर’ अशा पाट्या दिसतात. घरामागे त्यांची बारा झाडं आहेत, सगळी जुन्या पद्धतीची उंच खोडाची, म्हणजे खाली गाई निवांत चरू शकतात. हे सगळं नॉर्मंडीतलं ओजचं खोरं. इथे द्राक्षांचे मळे जवळजवळ नाहीत, पण सफरचंद आणि गवत हवं तेवढं. कामांबेर, लिव्हारो आणि पों-लेव्हेक ही तिन्ही चीजं याच भागातली, तीही गावांच्या नावांची. त्यामुळे लोणी, क्रीम, सायडर आणि कोंबडी एका भांड्यात आली यात नवल नाही. फ्रान्समध्ये कुठेही खानावळीच्या पाटीवर ‘व्हाले दोज’, म्हणजे ओजचं खोरं, असं लिहिलेलं दिसलं, की काल्व्हादोस, क्रीम आणि सफरचंद असणार हे समजायचं. पाटीवर या कोंबडीचं नाव ‘पुले व्हाले दोज’ असं असतं. घरी सासूबाई तिला नुसतं ‘पुले’, म्हणजे कोंबडी, म्हणतात.

पाच जणांसाठी साधारण पावणेदोन किलोची एक कोंबडी घ्या आणि आठ तुकडे करून मागा: दोन मांड्या, दोन तंगड्या, आणि छातीचे हाडासकट चार. कातडी काढू देऊ नका. मी बहुतेक वेळा सोमवारी सें-प्येर-स्युर-दीव्हच्या बाजारातून आणते. तिथला मध्ययुगीन लाकडी मंडप १९४४ च्या लढाईत जळाला होता. तो पुन्हा जसाच्या तसा उभा केला तेव्हा जुन्या रीतीनं लाकडी खुंट्यांनीच सांधला. मान वर करून ते छप्पर पाहिल्याशिवाय माझी खरेदी सुरू होत नाही. बाजाराला जाणं जमणार नसेल तर दुकानात ‘लाबेल रूझ’चा शिक्का बघा. त्या शिक्क्याची गावरान कोंबडी किमान ८१ दिवस वाढवलेली असते. साधी स्वस्त कोंबडी जेमतेम निम्म्या वयाची. इथे हा फरक चैनीचा नाही. कोवळं मांस पाऊण तास सायडरमध्ये राहिलं की हाडावरून गळून पडतं आणि चवही सोडून देतं. वाढलेल्या कोंबडीचं मांस घट्ट राहतं आणि तिच्या सांध्यांमधला चिकटपणा रश्शात उतरतो. पुढे रस्सा चमच्याला धरतो तो बराचसा त्या चिकटपणामुळे.

आता सायडर. बाटलीवर ‘ब्रुत’ लिहिलेलं हवं. ‘दू’ म्हणजे गोड. त्यात साखर बरीच शिल्लक असते आणि दारूचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत. ‘ब्रुत’मध्ये साखरेचा बराचसा भाग आंबून गेलेला असतो, दारू साडेचार-पाच टक्के. लग्नानंतर पहिल्यांदा मी ही कोंबडी एकटीनं केली तेव्हा सफरचंदाची चव जास्त येईल या विचारानं ‘दू’ घेतला. प्यायला फार छान होता. पण अर्धा लिटर आटून वाटीभर झाला तेव्हा त्यातली सगळी साखर त्या वाटीत होती, आणि कोंबडी पाकातून काढल्यासारखी झाली. मीठ घालून, मिरपूड घालून, लिंबू पिळूनही ती गोडी गेली नाही. आटवल्यावर जे असेल ते दाट होतं, साखर असेल तर साखर, आंबटपणा असेल तर आंबटपणा. म्हणून सुरुवात कमी गोड सायडरनं करायची, आणि गोडवा हवा तो फळातून आणायचा.

शेतावरचा सायडर मिळाला तर तोच घ्या. सायडरची सफरचंदं खायची नसतात. ती लहान असतात, काही कडू, काही तुरट, काही आंबट, काही नुसती गोड, आणि शेतकरी त्यांचं मिश्रण आपल्या अंदाजानं ठरवतो. त्या तुरटपणामुळेच क्रीमचा रस्सा जड वाटत नाही. ‘पेई दोज’, म्हणजे ओजचा प्रदेश, या नावाच्या सायडरला १९९६ पासून कायद्याचं संरक्षण आहे, ते लेबलवर असलं तर उत्तम. बाटली पाऊण लिटरची असते. अर्धा लिटर भांड्यात जातो, उरलेला टेबलावर. बूच तारेनं बांधलेलं असतं, म्हणून बाटली आधी थंड करा, हलवू नका, आणि तार सोडताना बुचावरून अंगठा काढू नका. आदल्या दिवशी उघडलेला, बुडबुडे गेलेला सायडरही स्वयंपाकाला चालतो. भांड्यात बुडबुड्यांचा काही उपयोग नाही.

काल्व्हादोस म्हणजे सायडरचं ऊर्ध्वपातन करून काढलेली, ओकच्या पिंपात मुरवलेली दारू. ‘काल्व्हादोस पेई दोज’ या नावाला १९४२ साली मान्यता मिळाली, आणि ती दोनदा गाळून काढावी लागते. स्वयंपाकासाठी सगळ्यात तरुण बाटली घ्या, दोन वर्षं मुरलेली पुरते. तिच्यात ताज्या सफरचंदाचा वास जास्त असतो. पंधरा-वीस वर्षं मुरलेली काल्व्हादोस आगीत घालणं मला पटत नाही, ती जेवणानंतर हळूहळू प्यायची गोष्ट. आपल्याला लागणार फक्त ५० मिलिलिटर.

क्रीम २०० मिलिलिटर, ‘क्रेम फ्रेश एपेस’, म्हणजे घट्ट, किंचित आंबट. फ्रान्समध्ये नुसतं ‘क्रीम’ म्हणून विकायचं तर त्यात किमान ३० टक्के स्निग्धांश लागतो. इझिन्यीच्या क्रीममध्ये तो ३५ टक्के किंवा जास्त असतो, आणि त्या क्रीमला व तिथल्या लोण्याला १९८६ पासून नावाचं संरक्षण आहे. ‘लेजेर’ लिहिलेला हलका डबा या पदार्थाला घेऊ नका. सायडर आंबट असतो. स्निग्धांश कमी असला की क्रीममधली प्रथिनं त्या आंबटपणानं आणि उष्णतेनं एकमेकांना चिकटतात आणि रश्शात पांढरे कण तरंगू लागतात. एकदा फाटलेला रस्सा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. हलकं खायचं असेल तर क्रीम कमी घाला, पण घालाल ते पूर्ण स्निग्धांशाचं घाला.

बाकी: चार एशालोत, म्हणजे लहान सौम्य कांदे, पाव किलो पांढरे मशरूम, थाईमच्या दोन काड्या, लॉरेलचं (बे लीफ) एक पान, ७० ग्रॅम लोणी, चमचाभर सूर्यफुलाचं तेल, मीठ, मिरी. सफरचंदं चार. सासूबाईंकडे रेन दे रेनेत असतं, आंबटगोड, परतल्यावर आकार धरून ठेवणारं. ते नसेल तर गोल्डन चालतं. लगेच विरघळून पिठूळ होणारी जात मात्र नको. खात्री नसेल तर एक फोड आधी लोण्यात परतून पाहा, पाच मिनिटांत कळेल.

आदल्या रात्री तुकड्यांना मीठ चोळा आणि न झाकता फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आत जातं आणि कातडी कोरडी होते. ओल्या कातडीवर खरपूस रंग येतच नाही, कारण भांड्याची सगळी उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते. रात्री विसरलात तर निदान कागदानं टिपून घ्या. स्वयंपाकाआधी अर्धा तास तुकडे बाहेर काढून ठेवायचे.

कोकोत मध्यम आचेवर तापवा. एनॅमलचा थर असलेलं बीड सगळ्यात चांगलं. उघड्या लोखंडाला सायडरच्या आंबटपणानं धातूची चव येते. तेल आणि ३० ग्रॅम लोणी घाला. लोण्याचा फेस बसला की तुकडे कातडीची बाजू खाली करून ठेवा, एकमेकांना न चिकटता, म्हणजे दोन वेळा करावं लागेल. आता आठ मिनिटं हात लावू नका. ही आठ मिनिटं मला फार अवघड जायची. चरचर ऐकली की हात आपोआप चिमट्याकडे जातो. पण कातडी तयार नसताना ओढली तर फाटते आणि तळाला चिकटून राहते. तयार झाली की स्वतःच सुटते. रंग भाजलेल्या बदामासारखा हवा. उलटून दुसरी बाजू तीन-चार मिनिटं. मग तुकडे ताटात काढा, आणि ताटात जमेल तो रस जपून ठेवा.

भांड्याच्या तळाशी तपकिरी थर बसलेला असेल. फ्रेंच स्वयंपाकी त्याला ‘सुक’ म्हणतात. सगळ्या रश्शाचा रंग आणि अर्धी चव त्या थरात असते. तो तपकिरी हवा, काळा नव्हे. काळा व्हायला लागलाय असं दिसलं तर आच लगेच कमी करा. एवढं करूनही करपलाच, तर भांडं धुऊन, नवीन लोणी घालून पुढे जा. करपलेल्या तळावर सायडर ओतला तर तो कडवटपणा शेवटपर्यंत राहतो. दोन चमचे चरबी ठेवून बाकी ओतून टाका, आणि बारीक चिरलेले एशालोत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, नुसते पारदर्शक होईपर्यंत परता.

आता आग. तिची भीती बाळगायची गरज नाही, पण तयारी पूर्ण हवी. शेगडीवरची चिमणी बंद करा. तिच्या जाळीत तेलकटपणा असतो आणि ती ज्वाळा वर ओढते. केस बांधा, सैल बाह्या वर करा, भांड्याचं झाकण हाताशी ठेवा. मांड्या आणि तंगड्या भांड्यात परत ठेवा, छातीचे तुकडे ताटातच राहू द्या. काल्व्हादोस आधी छोट्या भांड्यात कोमट करून घ्या. थंड असेल तर पेटत नाही. बाटलीतून थेट कधीही ओतू नका, ज्वाळा धारेवरून बाटलीत शिरू शकते. शेगडी बंद करून काल्व्हादोस घाला, चेहरा मागे घ्या, लांब काडीनं कडेला पेटवा. निळी ज्वाळा अर्धा मिनिट नाचते आणि आपोआप विझते. सासूबाई त्या वेळी भांड्याचे कान धरून ते हळूच हलवतात, म्हणजे ज्वाळा सगळीकडे पोचते.

घरी लहान मुलं किंवा दारू न घेणारं कुणी जेवायला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्वाळा विझली म्हणजे सगळी दारू उडाली असं नाही. बराच भाग उरतो, आणि शिजल्या-आटवल्यानंतरही थोडा राहतोच. त्यांच्यासाठी मी काल्व्हादोस वगळते आणि सायडरऐवजी पाव लिटर बिनसाखरेचा सफरचंदाचा रस, पाव लिटर कोंबडीचा अळणी रस्सा आणि दोन चमचे सायडरचं व्हिनेगर घालते. रसाची साखर आंबलेली नसते, म्हणून तो फार आटवायचा नाही. हा वेगळा पदार्थ होतो, पण चांगला होतो.

ज्वाळा विझली की शेगडी पुन्हा लावा आणि सायडर ओता. फेस येईल, तो बसू द्या. लाकडी उलथन्यानं तळ नीट खरवडून घ्या, कोपरेसुद्धा. थाईम, लॉरेल, ताटातला रस घाला. द्रव मांड्यांच्या निम्म्यापर्यंत यावा आणि कातडी वर उघडी राहावी. बुडवलीत तर मघाची आठ मिनिटं वाया गेली. झाकण किंचित फट ठेवून लावा आणि आच इतकी मंद करा, की एखादाच बुडबुडा वर येईल. रटरटा उकळलं तर मांस चामट होतं.

वीस मिनिटांनी छातीचे तुकडे ठेवा आणि आणखी वीस मिनिटं शिजवा. छातीला कमी वेळ का, तर तिच्यात चिकट भाग जवळजवळ नाही, जास्त शिजली की ती फक्त कोरडी होते. तापमापक असेल तर छातीच्या मध्यभागी ७४ अंश दिसले की ती काढा. मांडीला मात्र ८० च्या वर जाऊ द्या, तेव्हाच ती खरी मऊ होते. तापमापक नसेल तर मांडीत सुरी खुपसा. निघणारा रस स्वच्छ हवा आणि सुरी सहज जायला हवी.

कोंबडी शिजत असते तोवर दुसरी शेगडी. मशरूमच्या चकत्या आधी कोरड्या, तापलेल्या तव्यात टाका. पाणी सुटेल, ते उडू द्या. मग छोटा लोण्याचा गोळा आणि मीठ घालून तपकिरी करून बाजूला काढा. तवा पुसून उरलेलं लोणी घाला. सफरचंदं सालासकट, गाभा काढून, प्रत्येकाच्या आठ फोडी. एका थरात मांडा, प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं, चांगली सोनेरी. साखर घालू नका, चिमूटभर मीठ घाला. फळातली साखर लोण्यात भाजली की पुरेशी गोडी येते. हेच फळ सायडरमध्ये शिजवलं तर त्याला हा रंग येत नाही, कारण ओल्या उष्णतेत काही खरपूस होत नाही, आणि थोड्या वेळानं फोडी फुटून रस्सा गढूळ होतो. फोड बाहेरून सोनेरी आणि मध्ये किंचित घट्ट असतानाच तवा उतरवा.

कोंबडी शिजली की सगळे तुकडे बाहेर काढून सैल झाका. इथून पुढची दहा मिनिटं भांड्यासमोरून हलू नका. काड्या आणि पान काढा, वर तरंगणारी चरबी चमच्यानं काढा, आच मोठी करा. सायडर आणि कोंबडीचा रस मिळून जेवढं असेल ते आटून साधारण तिसरा हिस्सा उरायला हवा. घड्याळापेक्षा बुडबुडे बघा. आधी ते लहान आणि पांढरे असतात, मग मोठे, चकचकीत आणि संथ होतात. उलथनं तळावरून ओढलं तर क्षणभर वाट उघडी राहते. दर दोन मिनिटांनी चव घ्या. सुरुवातीला नुसता आंबट लागेल, मग हळूहळू सफरचंद पुढे येईल. शेतावरचा सायडर फार तुरट असेल तर कडवटपणा डोकं वर काढतो, तसं जाणवलं की तिथेच थांबा. चिमूटभर मीठ त्या कडवटपणाला बरंच नरम करतं. पातळ द्रवात क्रीम घालून दोन्ही एकदम आटवायचा मोह होतो, वेळ वाचेल असं वाटतं. पण क्रीम आधी घातलं की सायडरची चव किती तयार झाली आहे ते जिभेला कळत नाही, क्रीम सगळं झाकून टाकतं. सासूबाई या वेळी एका हातात चमचा घेऊन उभ्या असतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. चव जमली की चमचा माझ्या हातात देतात, मगच मी क्रीमचा डबा उघडते.

आच मंद करून क्रीम घाला, ढवळा, चार-पाच मिनिटं हलकं उकळू द्या. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट ओढा, रेघ तशीच राहिली पाहिजे. मीठ-मिरी आत्ताच घाला, कारण आटवताना आदल्या रात्रीचं मीठही दाट झालेलं असतं. चव थोडी झोपल्यासारखी वाटली तर काल्व्हादोसचा एक छोटा चमचा घालून अर्धा मिनिट उकळा. मशरूम मिसळा, कोंबडी कातडीची बाजू वर करून परत ठेवा, दोन मिनिटं नुसती तापू द्या. सफरचंदाच्या फोडी अगदी शेवटी, वरून.

सोबत उकडलेले बटाटे किंवा साधा भात, आणि रस्सा पुसायला पाव.

उरलं तर फोडी वेगळ्या डब्यात काढून ठेवा, रश्शात रात्रभर राहिल्या तर विरघळतात. दुसऱ्या दिवशी रस्सा थंडीनं थिजलेला असेल. दोन चमचे सायडर घालून अगदी मंद आचेवर सैल करा, पूर्ण तापू द्या पण जोरात उकळू देऊ नका, आणि फोडी तव्यात पुन्हा एकदा लोण्यावर परतून घ्या.